लाल झेंडीची सुरमई

मुलगी चार दिवसांच्या रजेवर घरी आली नसती, आल्या आल्या तिने फ्रिज उघडला नसता आणि फ्रिजमधल्या बांगड्याची चौकशी केली नसती, तर ग्रंथपालांची निवृत्ती सुखात चालूच राहिली असती. पण तिने पिशवी बाहेर काढली, बांगडा हातावर आडवा घेतला, बोटांनी त्याची लांबी मोजली आणि विचारलं, "अण्णा, हा कुठून आला?"

"दुकानातून," अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले.

"आणि दुकानात कुठून आला?"

इथे मान वर काढावी लागली. ग्रंथपालांनी शहराच्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं काढली होती. बेचाळीस हजार पुस्तकांतलं कुठलंही पुस्तक कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहे, आणि नसलं तर कोणाच्या घरी अडकून पडलंय, हे ते डोळे मिटून सांगत. जगातल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर नाव आणि नंबर असलाच पाहिजे, हा त्यांचा बाणा. घरातल्या डब्यांवरसुद्धा त्यांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यात कपड्यांचे चिमटे निघत, पण तो दोष बायकोचा, पद्धतीचा नव्हे. अशा माणसाच्या घरात एक वीतभर मासा येतो आणि तो कुठल्या पाण्यातून, कोणाच्या जाळ्यातून आला याची साधी एका ओळीची नोंद नसते, ही गोष्ट त्यांना फारच लागली.

मुलगी मत्स्य संशोधन संस्थेत नोकरीला होती. ती तिथे मासे मोजते एवढंच नातेवाइकांना कळलं होतं, आणि समुद्रात उतरून मोजतेस की ताटात वाढल्यावर, असं एका आत्याने विचारूनही झालं होतं. खरं तर ती हल्ली मासे सोडून गिऱ्हाइकं मोजत होती. मोठ्या दुकानांत माशाच्या पाकिटावर एक लेबल असतं. हा मासा समुद्र ओरबाडून आणलेला नाही, पुरता वाढलेला आहे, आणि त्याच्या मागे समुद्रात अजून पुरेसे भाऊबंद शिल्लक आहेत, असा त्याचा अर्थ. ते लेबल पाहून माणसाचा हात एका माशावरून दुसऱ्या माशाकडे वळतो का, हा तिच्या अभ्यासाचा विषय.

"लोक लेबल वाचत नाहीत, अण्णा," ती जेवताना म्हणाली. "रंग बघतात. आणि शेजारच्याच्या पिशवीत काय आहे ते बघतात."

जाताना ती टेबलावर एक पातळ पुस्तिका विसरून गेली. तिच्यात माशांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एक रंगीत ठिपका. हिरवा म्हणजे खुशाल खा. पिवळा म्हणजे जरा विचार करून खा. लाल म्हणजे दोनचार वर्षं त्याला सुखाने पोहू द्या. निवृत्त ग्रंथपालाच्या घरात वर्गीकरणाची यादी विसरून जाणं म्हणजे बेवड्याच्या घरात बाटली विसरण्यासारखं आहे. आठ दिवसांत पुस्तिकेची पारायणं झाली, समासात टिपा पडल्या आणि नवव्या दिवशी त्यांनी दुकान समितीच्या बैठकीसाठी विषय दिला.

हे दुकान म्हणजे वसाहतीच्या तळमजल्यावर रहिवाशांनीच सहकारी तत्त्वावर चालवलेलं किराणा भांडार. ग्रंथपाल त्याच्या समितीवर होते. वार्षिक सभेत ते पाणी प्यायला बाहेर गेले होते, आणि परत येईपर्यंत त्यांची बिनविरोध निवड झाली होती. भांडाराच्या मागच्या कोपऱ्यात माशांचं टेबल होतं. त्यावर पत्र्याचे ट्रे, ट्रेमध्ये बर्फ, बर्फावर मासे आणि टेबलामागे मावशी. मावशी कोणाचीच मावशी नव्हती, पण वीस वर्षांत तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. सकाळी सात वाजता ती धक्क्यावरून माल घेऊन यायची आणि साडेदहाला टेबल धुऊन निघून जायची. मधल्या साडेतीन तासांत कोणाला काय हवंय हे ती त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायची.

बैठक तीन तास चालली. माशांना रंग द्यायचा हे पहिल्या दहा मिनिटांत मंजूर झालं, कारण त्याला विरोध करावा असं त्यात कोणालाच काही दिसेना. बाकीचा वेळ हिरवा रंग कोणता यावर गेला. समितीचे अध्यक्ष दंतवैद्य होते. गडद हिरवा रंग पाहिला की त्यांना शेवाळ आठवे, म्हणून त्यांना पोपटी हवा होता. वकीलबाईंनी 'लाल' हा शब्द माशाची बदनामी करतो असा मुद्दा काढला. मासा कोर्टात जाणार नाही हे त्यांना मान्य होतं, पण मासे विकणारा जाऊ शकतो, म्हणून 'फेरविचाराधीन' असं लिहावं असं त्यांचं मत पडलं. तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक कट्टर शाकाहारी. ते माशांच्या बैठकीला का आले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सूचना सर्वांत जास्त त्यांच्याच होत्या. शेवटी ठराव झाला. अंमलबजावणी अर्थातच ज्याने विषय काढला त्याच्या गळ्यात.

ग्रंथपालांनी पहिली लेबलं स्वतःच्या हाताने, शाईने लिहिली. वाचनालयात त्यांच्या अक्षराला मान होता. पुस्तकं कोरडी असतात आणि मासे नसतात, हा फरक त्यांच्या लक्षात राहिला नाही. तासाभरात 'तारली' या अक्षरांचा ओघळ झाला आणि ट्रेमधल्या सगळ्या तारल्या निळ्या पडल्या. एका बाईंनी ही नवीन जात कुठली म्हणून विचारलं आणि अर्धा किलो नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेबलांवर प्लॅस्टिक चढवून आणलं. ती बर्फावरून घसरत आणि दहा मिनिटांत हिरवं लेबल लाल माशावर जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी त्यांना दात कोरायच्या काड्या सुचल्या. काडीला रंगीत कागदाची तिकोनी झेंडी चिकटवायची, हिरवीवर पेन्सिलीने 'समुद्रस्नेही' लिहायचं आणि ती सरळ माशात खोवायची. काड्या अध्यक्षांच्या दवाखान्यातून आल्या. हे काम उत्तम जमलं. बर्फावर हिरव्या, पिवळ्या, लाल झेंड्यांची अशी रांग उभी राहिली की मावशीचं टेबल म्हणजे कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय परिषदेचं व्यासपीठ वाटावं.

मावशीने सगळं पाहून घेतलं. मग हात पुसत तिने विचारलं की हे सगळं माशासाठी आहे की माणसासाठी. माणसासाठी, असं ग्रंथपालांनी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग काडी त्यांना टोचा की. मासा तर मेलाय."

पण झेंड्या चालल्या, आणि अशा चालल्या की पहिल्या आठवड्यातच ग्रंथपालांची छाती इंचभर पुढे आली. तारली म्हणजे आजवर वसाहतीत मांजरांचं अन्न. तिच्यावर हिरवी झेंडी लागल्यावर आठ वाजायच्या आत तारली संपायला लागली. लोक पारदर्शक पिशव्या आणू लागले, म्हणजे जिन्यात समोरून येणाऱ्याला आतली झेंडी दिसावी. वकीलबाईंनी झेंडी धुऊन, वाळवून दारासमोरच्या कुंडीत खोवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समोरच्या घरी तीन कुंड्यांत पाच झेंड्या दिसल्या. एक गृहस्थ तर रांगेत उभे राहून म्हणाले की मासे आज नकोत, नुसती झेंडी द्या. मावशीने त्यांना झेंडी दिली, आणि ती माशाशिवाय मिळत नाही म्हणून पाव किलो तारलीही दिली.

मग प्राध्यापकांचा अर्ज आला. मुद्दा बिनतोड होता. जो थोडे आणि निवडक मासे खातो त्याला हिरवी झेंडी मिळते, तर ज्याने आयुष्यात एकही मासा खाल्ला नाही त्याचा हक्क पहिला. समुद्राचे सर्वांत जुने मित्र आपण, आणि आपल्याच कुंड्या रिकाम्या. समितीने दोन बैठका घेऊन अर्ज फेटाळला, कारण झेंडी माशाला लागते, माणसाला नाही. प्राध्यापक त्या दिवसापासून ग्रंथपालांना जिन्यात ओळख देईनासे झाले.

आणि लाल? सुरमई ही वसाहतीची लाडकी. पुस्तिकेत तिच्यापुढे लाल ठिपका होता, कारण हल्ली पकडली जाणारी सुरमई निम्मी कोवळीच असते आणि पिल्लं व्हायच्या आधीच ताटात येते. झेंडी लागल्यापासून रांगेतला एकही माणूस सुरमईकडे ढुंकून पाहीना. चुकून कोणाचा हात तिकडे गेलाच, तर मागून कोणीतरी खोकायचं. पंधरा दिवसांनी मावशीने सुरमई टेबलावर मांडणंच बंद केलं. ग्रंथपालांनी रोज सकाळी टेबलाशेजारी स्टुलावर बसून वहीत नोंद ठेवली होती. हिरवे मासे तिप्पट, पिवळे होते तेवढेच, लाल शून्य. हे आकडे ते दर रविवारी मुलीला पाठवत. मुलगी आधी विश्वास ठेवायला तयार नव्हती. मग तिने तीन महिन्यांचे तक्ते मागवले. मग एके दिवशी तिचा फोन आला की असं उदाहरण संस्थेला कुठेच मिळालेलं नाही, तिच्या अहवालाचं शेवटचं प्रकरण या दुकानावर आहे, आणि संस्थेच्या संचालकबाई स्वतः पाहायला येणार आहेत. बोलताना तिचा आवाज लहानपणी बक्षीस घेऊन आल्यावर व्हायचा तसा झाला होता. ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि बराच वेळ उगाच चष्मा पुसला.

त्याच आठवड्यात नोटीस आली. पाठवणारं खातं वजनमापे आणि वेष्टन नियंत्रणाचं. परवान्याविना 'समुद्रस्नेही' अशी खूण वापरून ग्राहकांची दिशाभूल होत असल्याची तक्रार एका जागरूक नागरिकाने केली होती, सबब खुलासा करावा. नागरिकाची सही वाचता येत नव्हती. पण वाचनालयाच्या नोंदवहीत ती सही ग्रंथपालांनी बारा वर्षं पाहिली होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन ते कचेरीत गेले.

कचेरी चार मजली होती आणि त्या दिवशी चारही मजले ग्रंथपालांच्या पायाखालून गेले. वेष्टनाच्या खिडकीत सांगितलं की माशाला वेष्टन नाही, काडी आहे, तेव्हा वर खाद्यपदार्थांकडे जा. खाद्यपदार्थवाल्यांनी विचारलं की मासा नासका आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा रस निघून गेला, आणि दावा समुद्राविषयी असल्याने त्यांनी पर्यावरणाकडे धाडलं. पर्यावरणाच्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला, अगदी आपुलकीने वाचला, आणि सांगितलं की समुद्र आमच्याकडे येत नाही, फक्त नदीपर्यंतच. समुद्राचा विभाग तळमजल्यावर होता. तिथे कळलं की मासा पाण्यात असेपर्यंत त्यांचा. एकदा धक्क्यावर आला की त्यांचा संबंध संपला.

दुपारी चारला घोडं पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन पेंड खायला लागलं, पण आता तिथे दुसरा कारकून बसला होता. त्याने वर पाहिलं, ग्रंथपालांना पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. ग्रंथपालांनीही त्याला ओळखलं. 'घरच्या घरी घड्याळदुरुस्ती', सातवं कपाट, तिसरी फळी, एकोणीस वर्षं परत आलेलं नाही. दोघांपैकी कोणीही पुस्तकाचं नाव काढलं नाही. कारकुनाने स्वतः उठून खुर्ची दिली आणि चहा मागवला. तासाभरात तोडगाही काढला. 'स्नेही' हा शब्द काढा. तुमचा आणि समुद्राचा स्नेह किती हे मोजायचं यंत्र खात्याकडे नाही. त्याऐवजी मासा कोणी, कुठे, कसल्या जाळ्याने आणि कुठल्या दिवशी पकडला एवढंच लिहा. खरं असेल ते लिहायला परवाना लागत नाही. निरोप देताना तो हळूच म्हणाला की घड्याळ अजून चालू झालेलं नाही, झालं की पुस्तक आणून देतो.

खरं ते लिहायचं म्हणजे आधी ते माहीत करून घेणं आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ग्रंथपाल मावशीबरोबर धक्क्यावर गेले. हातात वही, खिशात जाळ्याची भोकं मोजायला शाळेतली पट्टी. संचालकबाई उद्या यायच्या होत्या. बोटवाला हा सावकाश बोलणारा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने पट्टीकडे पाहिलं आणि न हसता जाळं पुढे केलं. बोट धक्क्याला बांधलेली होती, समुद्र निवांत होता, तरी पाचव्या भोकाला ग्रंथपालांना बोट लागली. सातव्याला त्यांना कठड्याशी जावं लागलं. बोटवाल्याने त्यांना लिंबू दिलं आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं. तिथे बसल्या बसल्या त्यांनी विचारलं की तारलीची मागणी वाढल्याने तुमचं काम बदललं असेल ना.

बोटवाला म्हणाला, तारलीचं ठीक आहे, थोडी जास्त जाते. पण खरी धावपळ सुरमईची. पूर्वी आठवड्यातून एकदा सुरमईला जायचो, आता तीनदा जातो. जास्तीची सगळी एकाच ठिकाणी लागते.

"कुठे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तुमच्याच वसाहतीत," बोटवाला म्हणाला. "तीन महिने झाले. ती संपत आलीय अशी काहीतरी बातमी फुटलीय म्हणे तिकडे."

ग्रंथपालांनी मावशीकडे पाहिलं. मावशी टोपलीतला बर्फ सारखा करत होती. मग तिने सगळं सांगितलं, काही न लपवता, आज हवा कशी आहे हे सांगावं तसं. झेंडी लागल्याच्या चौथ्या दिवशी पहिला फोन आला. लाल म्हणजे संपत आलेली ना, मग संपायच्या आत आम्हाला एक ठेवा. मग दुसरा आला. मग लोक साडेदहानंतर भांडाराच्या मागच्या दाराने यायला लागले, तिथे पोती ठेवतात त्या बाजूने. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची आणि वरून पाव किलो तारली, झेंडीसकट, म्हणजे पिशवीत वर ती दिसते. अध्यक्ष येतात. वकीलबाई कामवालीला पाठवतात. ग्रंथपाल वही मिटून साडेदहाला घरी जात आणि पावणेअकराला हे दुकान उघडे.

परतीच्या वाटेवर ग्रंथपालांनी वहीचं पान न् पान उलटून पाहिलं. तीन महिने ते स्टुलावर बसून समुद्र वाचवत होते, आणि त्यांच्या पाठीमागे दहा हातांवर त्यांच्याच झेंडीने तो रिकामा होत होता. चारचौघांत हसं होणं त्यांना नवीन नव्हतं. पण ते आकडे मुलीच्या अहवालात होते, तिच्या नावाखाली. आता दोन वाटा होत्या. गप्प बसावं, मूठ झाकलेली ठेवावी, संचालकबाई झेंड्या पाहून जातील आणि मुलीची बढती होईल. किंवा बोलावं. घरी पोचेपर्यंत त्यांनी गप्प बसायचं जवळजवळ ठरवलं होतं. बाप होते ते. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला.

बायको ओट्याशी उभी होती. पुढ्यात मीठ लावून ठेवलेले सुरमईचे जाडजाड तुकडे. उद्या पाहुणे येणार म्हणून तिने आधीच तयारी केली होती आणि चव पाहायला दोन तुकडे तव्यावर टाकले होते. ग्रंथपालांनी दाराला धरून विचारलं, की अगं, हे काय. तिने मान न वळवता उत्तर दिलं.

"मुलीची साहेब येणार घरी आणि तिच्या पानात तारली वाढू? तुमची झेंडी दुकानात. घरात पाहुणा मोठा."

तिने कधीपासून मागचं दार धरलं होतं, असं त्यांनी चाचरत विचारलं. पहिल्या महिन्यापासून, ती म्हणाली. बुधवारी तुम्ही जे दोनदा मागून घेतलंत ते काय होतं असं वाटलं तुम्हाला? वहीतल्या त्या लाल शून्यात आता ग्रंथपालांचं स्वतःचं ताटही होतं, आणि ते झाकून ठेवणं त्यांना जमेना.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. संचालकबाई म्हणजे ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, वहीपेक्षा माणसांकडे जास्त पाहणाऱ्या. मुलगी त्यांच्या शेजारी. तिने अण्णांचे तक्ते मोठे करून छापून आणले होते. रहिवासी सदरे बदलून, पिशव्यांतून झेंड्या दाखवत उभे. अध्यक्षांनी चार शब्द बोलायचं म्हणून पंधरा मिनिटं भाषण केलं आणि वसाहतीची सागराविषयीची बांधिलकी दातांच्या मुळांइतकी खोल असल्याचं सांगितलं. मग मुलीने तक्त्यावर बोट ठेवलं. लाल रंगाची रेघ एकदम खाली येऊन शून्याला टेकत होती. ग्रंथपालांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते स्टुलावरून उठले.

"तो तक्ता खोटा आहे," ते म्हणाले.

झेंड्या दाखवणाऱ्या पिशव्या एकेक करून खाली आल्या, आणि ग्रंथपाल पुढे म्हणाले,

"आकडे मी मुद्दाम खोटे दिले नाहीत. मी पुढच्या टेबलावर बसलो आणि तिथे दिसलं ते लिहिलं. सुरमई मागच्या दाराने जाते. पूर्वीपेक्षा तिप्पट जाते. आम्ही लाल झेंडी लावली म्हणून जाते. त्यातली एक आत्ता माझ्या घरी शिजतेय."

मुलीने तक्त्यावरून बोट काढलं. तिने तक्त्याची गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा केली. ग्रंथपालांना एकतीस वर्षांत कुठल्याही वाचकाने इतका वेळ तिष्ठत ठेवलं नव्हतं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, तीन महिने तुम्ही हे मला पाठवत होता."

"हो," अण्णा म्हणाले. "कळलं काल. आज सांगितलं."

आणि मग जे झालं त्याची कल्पना समितीच्या कुठल्याही ठरावात नव्हती. अध्यक्षांनी घसा खाकरून सांगितलं की आपण दोन वेळा घेतली असावी. त्यांच्या पत्नीने सहा वेळा असं दुरुस्त केलं. वकीलबाई म्हणाल्या की आपण कायद्याने काहीच खरेदी केलेलं नाही, कामवालीने केलंय, पण खाल्लं मात्र आहे. एकेक हात वर होत गेला, वर्गात गृहपाठ न केलेल्यांचे व्हावेत तसा. सर्वांत शेवटी, तक्रारीची नोटीस ज्यांच्यामुळे आली ते प्राध्यापक भिंतीकडे तोंड करून म्हणाले की त्यांच्याकडेही जाते. मांजरासाठी. ते तारलीला तोंड लावेना, आणि संपणार आहे म्हटल्यावर निदान त्याने तरी एकदा चव घ्यावी असं वाटलं. संचालकबाईंनी मांजर किती किलोचं आहे हे विचारलं. मग मावशीने आठवड्याला दीड किलो असा आकडा सांगितला, आणि तेवढी एका मांजराला जास्त होते का, या प्रश्नावर प्राध्यापकांनी उत्तर राखून ठेवलं.

आता संचालकबाई मावशीकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं की हे सगळं तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही का नाही सांगितलंत.

"कोणी विचारलं नाही," मावशी म्हणाली. "साहेबांनी झेंड्या मोजल्या. मला विचारलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं."

संचालकबाई हसल्या. आधी हळू, मग अगदी मोकळ्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बावीस वर्षं आपण दुकानांचे अहवाल वाचतोय, त्या म्हणाल्या, आणि सगळे अहवाल टेबलाच्या पुढच्या बाजूने लिहिलेले असतात. मागचं दार कोणीही सांगत नाही. त्यांनी मुलीला तिथल्या तिथे सांगितलं की शेवटचं प्रकरण फाडून टाक आणि हे लिही. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण कुठे तरी सैल झाला. पण तिने वडिलांकडे अजून पाहिलं नव्हतं.

पुढे झेंड्यांचं काय करायचं यावर अध्यक्षांनी पुढच्या गुरुवारी बैठक ठेवायचा प्रस्ताव मांडला. मावशीने तेवढी वाट पाहिली नाही. सुरमई मी आणते म्हणून येते, ती म्हणाली, आणि हल्ली इतकी लहान येते की मलाही कापवत नाही. पावसाळा संपेपर्यंत ती मिळणार नाही, आणि मागचं दार उद्यापासून बंद, कारण किल्ली माझ्याकडे आहे. कोणी हरकत घेतली नाही. त्यानंतर तिने समोरच्या बाईंच्या हातातली पिशवी घेतली, आज तारली चांगली आहे म्हणून भरली, आणि त्या बाईंनी निमूटपणे घेतली. त्यांच्या मागच्याने घेतली. त्याच्या मागे अध्यक्षांनी घेतली. पिशवीत पडलेल्या कुठल्याही माशावर मावशीने झेंडी खोवली नव्हती. ग्रंथपालांनी वहीसाठी खिशात हात घातला आणि तो तसाच बाहेर काढला.

दुपारी जेवायला संचालकबाई घरी आल्या. भांडारातली कबुली बायकोच्या कानावर जेवणाच्या आधी पोचली होती, कारण वसाहतीत बातमी लिफ्टने येते आणि माणूस जिन्याने. ती नवऱ्याशी बोलत नव्हती. वाढायच्या वेळी सुरमई ताटात ठेवावी की नाही असा पेच पडला. संचालकबाईंनीच तो सोडवला. ही आता परत पोहायला जाणार नाही, तेव्हा निदान वाया घालवू नका, असं म्हणून त्यांनी एक तुकडा घेतला, मागून घेतला नाही, आणि बनवणारीच्या हाताला चव आहे असं सांगितलं. बायकोचा राग तिथे निम्मा उतरला.

संचालकबाई गेल्यावर मुलगी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. ग्रंथपाल समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले. ते उलटं होतं. तासभर फक्त बटणांचा आवाज. मग ती थांबली आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अण्णा, माहिती देणारा म्हणून कोणाचं नाव घालू?"

ग्रंथपालांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव कुठल्याच छापील पुस्तकात आलं नव्हतं, फक्त शिक्क्यात आलं होतं. त्यांनी बराच विचार केला.

"मावशीचं घाल," ते म्हणाले. "खरी माहिती तिची." थोडं थांबून त्यांनी घसा साफ केला. "माझं त्याच्या खाली. बारीक अक्षरात चालेल. पण घाल."

मुलगी हसली आणि लिहायला लागली. स्वयंपाकघरात तव्याचा आवाज थांबला.

"आणि माझं?" बायकोचा आवाज आला. "मी सुरमई आणली नसती तर हे बोलले असते का?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. तिची मागणी नाकारायची दोघांपैकी कोणाचीच छाती नव्हती. मुलीने तिसरं नाव लिहिलं, आणि आईच्या सांगण्यावरून ते दुसऱ्या नावाच्या वर घातलं.